उलटी जर्सी

फायनल हरल्यावर मैदानाच्या फाटकातच मी आमच्या पेठेच्या संघाची जर्सी काढली आणि उलटी करून घातली. कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ असतो, आणि माझी घरची वाट नेमकी जिंकलेल्या पेठेतून जाते. तिथं हलगी घुमत होती. मी मान खाली घालून चाललो होतो.

पुढं आमच्याच गल्लीतले दत्तूमामा दिसले. हातात सायकल, हँडलला आमचा झेंडा. पोरं हुर्यो उडवत होती. एकानं झेंड्यावर गुलाल फेकला. मामांनी तो झटकलासुद्धा नाही. "चांगलं खेळलासा रं," एवढंच त्या पोरांना म्हणाले.

जिंकलो असतो तर याच रस्त्यावर सगळ्यांत पुढं मीच नाचलो असतो. संघावरचं प्रेम म्हणून आजवर जे मिरवलं, ते बहुधा नुसत्या जिंकण्यावरचंच होतं. गुलालात सगळेच सच्चे दिसतात.

मामांनी मला पाहिलं. माझ्या खांद्यावरच्या शिवणीला बोट लावलं.

"उलटी घातलीयास की रं. गडबडीत ध्यानात आलं नसंल."

"व्हय मामा," मी म्हणालो, "गडबडीत."