चंदेरी रंगातले अकरा ट्रान्सफॉर्मर

रविवार, १६ फेब्रुवारी, कोरेगाव. हजर: मी, सासरे, धाकटे दीर. नवरा साताऱ्याला लग्नाला गेलेला, तो सुटला.

काम एकच होतं. सासऱ्यांच्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तो बदलायचा. सासऱ्यांना आता दिसत नाही. नवा रेडिओ दिला, मोबाइल दिला, त्यांना दोन्ही नकोत. या जुन्या रेडिओची बटणं त्यांच्या बोटांना पाठ आहेत. दिवसभरात कुणालाही हाक न मारता करता येईल अशी त्यांच्याकडे तेवढीच एक गोष्ट उरली आहे.

माझ्याकडे अकरा ट्रान्सफॉर्मर होते, रहिमतपूरच्या भंगारवाल्याकडच्या मोडक्या टेपरेकॉर्डरमधून काढलेले. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली, वहीत नंबरापुढे व्होल्ट. रेडिओला लागतो नऊ व्होल्टचा. तसा एकच होता, नंबर चार. अर्ध्या तासाचं काम.

खोकं उघडलं तर अकराच्या अकरा चंदेरी ऑइलपेंट लावून ओळीत मांडलेले. चिठ्ठी एकालाही नाही.

दीर फौजेतून निवृत्त झाल्यापासून दिसेल त्याला रंग देतात.

"भावजी, चिठ्ठ्या कुठायत?"

"ते कागद व्हय? मळलं व्हतं, टाकलं. लय गंज चढलेला वैनी. पॉलिश पेपर मारून दोन हात दिलं. इन्स्पेक्शनला एका झटक्यात पास!"

"आणि वायरी?"

"एक लांब, एक आखूड, बरं दिसतंय का ते? चार-चार बोटं ठेवून कापल्या."

वायरींवरही रंग. लाल कुठली, काळी कुठली, काही कळेना. माझी वही अगदी बरोबर होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता.

सासरे खाटेवरून म्हणाले, "त्याच्यावर वरडू नगंस पोरी. बेंदराला शिंगं रंगवाय सांगितली तवा ह्यानं बैलाची शेपटी बी रंगवली व्हती." मग, "पर सांजच्या बातम्या लागतील न्हवं?"

मी दिरांच्या हातात ब्लेड दिलं आणि वायरींची टोकं खरवडायला बसवलं. मी एकेक ट्रान्सफॉर्मर सिरीज बोर्डवर, म्हणजे मध्ये बल्ब घालून, मेनला जोडायचा, मीटर लावायचं, वहीत लिहायचं. बारा. अठरा. पुन्हा बारा. चोवीस. पाचव्याला मीटर ढिम्म. दिरांनी वायर ओढून कापली होती, ती आतूनच तुटलेली. तोच नंबर चार असेल, तर संपलं.

"त्यो चार नसंल वैनी," दीर म्हणाले.

"कशावरून?"

ते जोरात खरवडू लागले.

बातम्यांची वेळ झाली तेव्हा आठ तपासून झाले होते, नऊ व्होल्ट कुठेच नाहीत. सासऱ्यांनी मुका रेडिओ मांडीवर घेतला होता आणि ते स्टेशनचं बटण फिरवत होते.

तीन तपासायचे राहिलेत.