आठची तारीख, दहाची एसटी

लोह्यापलीकडच्या वाडीत तारामतीच्या तोंडाला लागायला माणसं भ्यायची. सोयाबीन काढायला बायांची टोळी हवी असली की शेतमालक आधी तिला गाठायचा. बांधावर प्यायचं पाणी ठेवलं नाही तर ती विळा खाली टाकायची, आणि तिच्यामागं सगळ्या बायका.

अशी बाई नांदेडच्या दवाखान्यातून दोनदा हात हलवत परतली होती.

तिच्या लेकीला, तनुजाला झटके यायचे. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला. लेकरू हलू नये म्हणून झोपेचं औषध देणार, त्यासाठी पोट रिकामं हवं. तारीख मिळाली सकाळी आठची. वाडीची पहिली एसटी नांदेडला दहाला पोचते. पहिली तारीख अशी हुकली. दुसऱ्या खेपेला मायलेकी आदल्या दिवशीच नांदेडात उज्ज्वलामावशीकडं मुक्कामाला गेल्या. सकाळी तारामती आंघोळीला गेली तेवढ्यात मावशीनं पोरीला दुधात बिस्किटं कुस्करून चारली. "पाव्हण्याचं लेकरू उपाशी उंबऱ्याबाहेर कसं धाडू, बाई?" पोट भरलेलं, म्हणून तीही तारीख हुकली.

आज तिसरी खेप. मावशीकडं न थांबता ती पहिल्या एसटीनं आली. दवाखान्याच्या खिडकीवरचा कारकून शिवप्रसाद मान वर न करता म्हणाला, "उशीर झाला. पुढच्या महिन्यात या. तुम्हा लोकांना लेकराची काळजीच नसते."

"काळजी नसती तर घरीच ऱ्हायले असते की, साहेब. तुमचा आठचा टाइम एसटीला ठाव न्हाई. तिला सांगून बघा."

रांगेतली एक बाई फिसकन हसली.

"नियम आहे, बाई."

"असंल. पोर रातीपासून उपाशी हाय. आज मी उठत न्हाई."

तनुजाला मांडीवर घेऊन तिनं खिडकीसमोरच फतकल मारली. मघाशी हसलेली बाई किनवटची होती. तीही आपलं पोर घेऊन शेजारी टेकली. "आमची बी रेल्वे आत्ताच आली."

शिवप्रसादनं वॉचमनला हाक मारली. वॉचमन आला, दोन्ही लेकरांकडं बघितलं आणि म्हणाला, "यांना कुठं धरू, साहेब?"

गलका ऐकून भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. लेकरांनी काही खाल्लंय का, एवढंच त्यांनी विचारलं; दोघी आयांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "दुपारी मशीन रिकामं आहे. दोघांनाही घेते."

संध्याकाळी तनुजा गुंगीत आईच्या खांद्यावर होती. शिवप्रसादनं पुढच्या तपासणीचा कागद सरकवला. सकाळी आठ.

तारामतीनं तो तसाच परत सरकवला.

"अकरा लिवा. न्हाईतर तुमच्या खिडकीपुढची फरशी आता माझ्या वळखीची झालीय."