टीनाचं वजन

ललिताबाईंची आठवण निघाली की मला आधी राग येतो. त्यांचा नाही, त्यांच्याभोवतीच्या सगळ्यांचा, आणि त्यात मीही आलो. करडीच्या शाळेत मी मास्तर होतो. त्यांची अंगणवाडी आमच्याच आवारात भरायची. बावीस वर्षं त्या गावातल्या पोरांची वजनं करत होत्या आणि गाव त्यांना 'खिचडीवाली बाई' म्हणायचं.

त्या वर्षी गाव कुपोषणमुक्त म्हणून जाहीर व्हायचं होतं. फलक रंगवून तयार होता. वजनाच्या दिवशी कौशल्याबाई आपल्या दोन वर्षांच्या नातीला, टीनाला, घेऊन आल्या. टीनाची आई धान लावायला, रोवणीला गेलेली. घरात धानाला तोटा नव्हता. आजी तिन्ही वेळ भात खाऊन चांगल्या सुटलेल्या, शुगरच्या गोळ्या चालू. पोरीला नुसती पेज, आणि रडली की बाप इश्वर वरठीच्या कारखान्यातून येताना आणायचा ती चटकदार पुडकी. वरण, अंडं तिच्या तोंडाला कधी लागलंच नाही. एकाच घरात एक जण खाऊन फुगतो आणि दुसरा न मिळाल्यानं, हे जगभर चाललंय म्हणतात. आमच्याकडे ते शेजारीच होतं आणि आम्ही आंधळे.

काट्यावरचं टीनाचं वजन तक्त्याच्या हिरव्या, म्हणजे निरोगी पट्ट्यात आलं. गाल गुबगुबीत, पाय भरलेले. मीही शहाण्यासारखा बोललो, "छान बाळसं धरलं की!" ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ललिताबाईंनी पोरीच्या पावलावर अंगठा दाबून धरला. उचलला तर खड्डा तसाच. दुसऱ्या पावलावरही तसाच.

"कौशल्याबाई, हे बाळसं नोहे, अंगात पानी भरलं आहे. पोरीले आजच दवाखान्यात न्या लागते, नाही त हातची जाईन."

आजी भडकल्या. "माह्या पायाले बी असाच खड्डा पडते. मंग मी का उपाशी आहो?"

"तुमचा पाय बी बिमारच आहे, माय."

तपासणीला आलेल्या पर्यवेक्षिका मॅडम खुर्चीवरून म्हणाल्या, "वजन हिरव्यात आहे ना? मग कुपोषितांत नाव कशाला पाठवता? परवा फलक लागायचाय." त्यांना काटा दिसत होता, पोर दिसत नव्हती. ललिताबाईंनी ऑटो बोलावला, पोरीला उचललं, आजीला दंडाला धरून आत बसवलं आणि निघाल्या.

डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर पोर गेली असती. तिथंच त्यांनी आजीचा पाय पाहिला. एक बोट काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. दोघींच्या मागं धावता धावता इश्वरचे इतके खाडे झाले की कारखान्यात त्याच्या जागी दुसरा आला.

वीस दिवसांनी टीना परत आली. हसत होती, हातानं वरणभात खात होती. सूज ओसरल्यामुळं वजन मात्र किलोभर कमी भरलं आणि नोंद लाल पट्ट्यात गेली. फलक तोवर लागला होता. आठवड्यात ललिताबाईंना नोटीस आली: आपल्या हलगर्जीपणामुळे बालकाचे वजन घटले, खुलासा करावा.

माझं डोकं फिरलं. मी दोन पानी उत्तर लिहायला बसलो. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतः लिहिलं, "सूज उतरली. मूल जिवंत आहे. माझी चूक कोणती ते कळवावे."

ललिताबाई निवृत्त झाल्या. अजून कुणी कळवलेलं नाही.