मच्छरदाणीतल्या काकड्या

गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणायचे. छत्तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढून ती निवृत्त झाली होती, पण स्वच्छतेचं वेड काही निवृत्त झालं नव्हतं. घरामागच्या जागेत तिने काकडी लावली, तीही कधी? उन्हाळा नुसता भाजून काढतोय, नळाला तीन दिवसांनी पाणी येतंय, आणि फळमाशीने शेजारच्या पोस्टमनच्या वेलांवरची एकूण एक काकडी आतून सडवलेली!

मुलाला तिथे फरशी घालून गाडी ठेवायची होती. "आई, महिनाअखेरपर्यंत एक तरी काकडी दाखव," तो म्हणाला. "नाहीतर फरशीवाला आलाच म्हणून समज."

ही बाई काय ऐकून घेते! तिने डबल बेडची मच्छरदाणी काढली, अख्ख्या मांडवावर चढवली आणि कडा मातीत दाबून टाकल्या. आत जायचं तर चपला बाहेर आणि हात साबणाने धुऊन. पाणी भाज्या धुतलेलं, पण तेही गाळून.

"काकड्यांना भेटायची वेळ चार ते सहा का हो, आई?" सूनबाईने चिडवून घेतलं.

वेल झकास वाढले. पिवळीधमक फुलंही आली. पण फुलामागची करंगळीएवढी काकडी सुकायची आणि गळून पडायची. आठवडाभर हेच. महिना संपायला पंधरा दिवस उरले, तशी सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

एका सकाळी ती जाळीत डोक्याला हात लावून बसली होती. बाहेरून एक मधमाशी जाळीवर धडका देत होती. सिस्टर तिला हाकलायला उठली आणि तशीच थबकली. नराच्या फुलातले पराग मादीच्या फुलात न्यायला आत कुणी येतच नव्हतं! फळमाशीबरोबर तिने मधमाशीलाही दार बंद केलं होतं.

"अगं बाई! जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, आणि मला एवढं कळू नये?"

जाळी काढावी तर फळमाशी टपलेलीच. मग तिने काडीला कापूस गुंडाळला आणि रोज सकाळी नराच्या फुलातून मादीच्या फुलात स्वतःच पराग लावत फिरली. चौथ्या दिवशी एक काकडी टम्म फुगलेली दिसली. सिस्टर अशी काही ओरडली की सूनबाई धावतच आली.

महिनाअखेरीला मुलगा खरोखरच फरशीवाल्याला घेऊन आला. सिस्टरने दोघांना चपला काढायला लावल्या, हात धुवायला लावले आणि मगच आत घेतलं. बावीस काकड्या लटकत होत्या, एकीलाही डाग नाही! सगळ्या गल्लीत दुसरी काकडी शिल्लक नव्हती. सिस्टरचा ऊर भरून आला.

मुलाने एक तोडली, कचकन चावली. लगेच दुसरा घास घेतला.

"साहेब, माप घेऊ ना?" फरशीवाल्याने टेप काढत विचारलं.

"माप कसलं घेताय?" मुलगा भरल्या तोंडाने म्हणाला. "काकडी घ्या!"