चार बोटांच्या शेणी

गडमुडशिंगीच्या जोतीरामनं हुपरीत तीस वर्षं चांदीच्या आटणीवर काम केलं. मोडीत आलेली चांदी मुशीत टाकायची, वितळवायची. त्यात कधीमधी साहेबाच्या काळातला एखादा चहाचा चमचा यायचा. दांड्यामागं इवलासा चालता सिंह ठोकलेला, म्हणजे अस्सल विलायती. तो सिंह आगीत जाताना त्याला बघवायचा नाही. पदरमोड करून चमचा घरी आणायचा. असे बारा जमले. भट्टीनं त्याची एक करंगळी मात्र नेली.

यंदा चांदीचा भाव आभाळाला टेकला आणि उचगावात दोन घरं फुटली. जोतीरामची झोप उडाली. सरळ बँकेत लॉकर घ्यावं की नाही? पण त्याला बँकेचीही धास्ती. बायको, चिमणाबाई, माहेरी गेलेली बघून त्यानं बारा चमचे बारा शेणींत थापले आणि वाळल्यावर परड्यातल्या ढिगात तळाशी रचले. तिला सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणे.

होळीच्या आदल्या दिवशी दाढी करून आला, तर ढीगच नाही.

"मंडळाची माणसं घिऊन गेली की, स्मशानाला दान," चिमणाबाई म्हणाली. "दरसाल देतोय न्हवं?"

तसाच कोल्हापूरला पळाला.

नदीकाठच्या स्मशानात शेणींचा डोंगर. प्रत्येक शेणीवर थापणारीची पाच बोटं; त्याच्या शेणींवर चारच. तो उपसत सुटला. अकरा सापडल्या. बारावी दिसली ती रचत आलेल्या चितेपाशी, मयताच्या मुलाच्या हातात.

"पावणं, काय हुडकताय?"

सरणातली शेणी मागायची कोणत्या तोंडानं? त्यानं नुसता हात पुढं केला. मुलानं तो हात बघितला, शेणीवरची बोटं बघितली.

"तुमच्या हातची व्हय? मग तुमीच ठेवा आबांच्या पायाशी."

जोतीरामनं ठेवली. भट्टीसमोर जन्म काढलेला माणूस, पण अग्नी दिला तसा तोंड फिरवून उभा राहिला.

घरी अकरा शेणी फोडून त्यानं काळे पडलेले चमचे घासले आणि उघड्या मांडणीत लावले. सगळं ऐकून चिमणाबाईनं कपाळावर हात मारला.

"आन् चोर आला तर?"

"तू हाईस की. तुझा आवाज उचगावापातूर जातोय."

म्हणाला खरा. पण अजून शेजारी कुणी चूल पेटवली, शेणीचा धूर आला, की तो हातातलं टाकून आधी मांडणीकडं धावतो.