ह्यांच्या गोळीचा रिपोर्ट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी नेहमी एकच विचारायचे, कागद आहे का काही? भिलाईजवळ चरोद्याला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क आहे मी. शिक्का, सही बघितल्याशिवाय मला काही खरंच वाटत नाही. आणि नेमकं एका कागदानंच माझं डोकं फिरवलं...

आम्ही भिलाईत सेक्टर 10 ला राहतो. हे स्टील प्लांटमध्ये, रोलिंग मिलला. मागच्या वर्षी ह्यांना अटॅक आला, स्टेंट टाकला. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज नाश्त्यानंतर मी स्वतः ह्यांच्या हातावर ठेवायचे. तरी चार महिन्यांत त्याच स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी!

डॉक्टरांनी मलाच विचारलं, "दवाई छूटी थी क्या?"

मला रडूच आलं. हे पलंगावरूनच म्हणाले, "नहीं सर. ये छूटने ही नहीं देती."

मग डॉक्टरांनी समजावलं. गोळी पोटात गेल्यावर लिव्हर तिचं खरं औषध बनवतं. काहींच्या शरीरात ते जन्मापासूनच नीट बनत नाही. जीन टेस्ट केली की कळतं. दुसरी गोळी होती, पण जास्त कडक, आणि ह्यांना अल्सरचा त्रास, पोटात रक्तस्राव व्हायची भीती. म्हणून रिपोर्ट बघूनच बदलू म्हणाले. रक्त बाहेरगावच्या लॅबला गेलं. दहा-बारा दिवस लागणार होते.

हे घरी आले. चौथ्या दिवशी दुपारी मी फाटकाजवळ कपडे वाळत घालत होते. एक बाई आली, सुती साडी, हातात लिफाफा. "घ्या ताई, रिपोर्ट आहे," म्हणाली आणि गेली. इथं हिंदी मुलखात अनोळखी माणूस दारात येऊन मराठी बोलत नाही... पण तेव्हा ते लक्षातच आलं नाही. लिफाफा उघडला, तर नाव, वय, सगळं ह्यांचंच. निष्कर्ष – ही गोळी ह्यांना लागू पडत नाही.

मी तशीच डॉक्टरांकडे पळाले. त्यांनी त्याच दिवशी गोळी बदलली.

आठवड्याभरानं लॅबमधून फोन. "मॅडम, सॅम्पल रास्ते में खराब हो गया. दोबारा भेजना पड़ेगा."

"लेकिन रिपोर्ट तो आ गई!"

"हमने तो टेस्ट किया ही नहीं, मॅडम."

म्हणजे कुणा दुसऱ्याच्या रिपोर्टवर मी ह्यांना कडक गोळी देत होते? डॉक्टरांनी नवं सॅम्पल घेतलं, म्हणाले, तोवर हीच चालू ठेवा. ह्यांनी पोटात जरा दुखतंय म्हटलं की माझा जीव वरखाली व्हायचा...

दुसरा रिपोर्ट आला. निष्कर्ष तोच. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर वरचा सॅम्पल नंबरही तोच! लॅबवाले म्हणतात, सॅम्पल आमच्याकडे पोचल्यावरच नंबर पडतो. पहिला कागद आला तेव्हा हे दुसरं रक्त काढलेलंसुद्धा नव्हतं.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "ती लिफाफावाली बाई कोण होती हो?"

"कोणती बाई?"

"फाटकावर आली होती ना..."

"अवं, कोणी नाही आलं. मी खिडकीपाशीच बसून होतो. तूच आणला ना तो कागद! पर्स खांद्यावर, घामानं भिजून राहिली होती. मी विचारलं बी, आज ऑफिसातून इतक्या लवकर कावून आली?"

मी त्या अख्ख्या महिन्यात ऑफिसला गेलेच नव्हते. रजेवर होते.

हे आता बरे आहेत, मिलला जातात. मी दोनदा शपथ घालून विचारलं, उत्तर तेच. दोन्ही कागद माझ्या कपाटात आहेत. कुणाला काही उलगडत असेल तर सांगा. मी मात्र विचार करणं सोडलंय... कारण त्या बाईचा चेहरा आठवायला बसले की फक्त साडी आठवते, आणि तसली साडी माझ्याकडेही आहे.