दोन सांगितले, तीन निघाले

पुण्याहून बेंगळूरला नोकरीला आलेल्या एका इंजिनिअरने मला फसवलं. माझी पितळी दुर्बीण त्याने पैजेत जिंकून नेली, आणि ज्या मालावर पैज लावली तो माल मला पुरता दाखवलाच नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. राग मात्र मी जपून ठेवला आहे, चांगल्या वस्तूला तेलपाणी करून ठेवावं तसा.

मी निपाणीकडचा. पत्र्याची एक ट्रंक घेऊन बेंगळूरला आलो, मार्केटबाहेर फुटपाथवर जुनी कुलुपं विकली, आणि गणराज्य झालं त्या सुमाराला चामराजपेटेत स्वतःचं दुकान उघडलं. जुनी घड्याळं, कंपास, मोजपट्ट्या, छावणीतून निघालेलं लष्करी सामान असा माझा माल. वजनात, मापात आणि नगात मला कुणी गंडवलेलं नाही, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आवाज मोठा, राग नाकावर, पण शब्दाला पक्का. गल्ली मला अण्णा म्हणायची आणि जरा लांबूनच म्हणायची.

ती दुर्बीण मी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या लिलावात घेतली. लांब पितळी नळी, लाकडी तिपाई. विकण्यासाठी नव्हे, तर ठेवण्यासाठी घेतलेली माझी आयुष्यातली पहिली वस्तू. म्हणून तिचा भाव मी असा सांगायचो की विचारणारा दोन पावलं मागे सरकायचा. आकाशाकडे मी ती कधी वळवली नव्हती. गल्लीच्या टोकाचा दुकानदार कुठल्या गिऱ्हाइकाला काय दाखवतो आहे, ते बघायला ती फार उत्तम होती.

इंजिनिअर दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. कुठल्याशा सरकारी कारखान्यात होता. बारीक, चष्मेवाला, हसरा. दर शनिवारी यायचा, दुर्बिणीवरून हात फिरवायचा आणि भाव ऐकून हसायचा.

"शेठ, एवढ्या पैशात मी आकाशच विकत घेईन."

"मग घ्या की साहेब. दुर्बीण कशाला हवी?"

असं सहा महिने चाललं. एका डिसेंबरात तो आला आणि म्हणाला, "पैज लावता? उत्तरेकडे एक तारा आहे. येत्या गुरुवारी रात्री साडेनऊला तो मंद होऊन तिसऱ्या हिश्श्यावर येईल. त्याच्या बाजूला एक बारका तारा आहे, दोघे सारखे दिसतील. नाही झालं तर माझा रेडिओ तुमचा. झालं तर दुर्बीण माझी."

रेडिओ त्याने स्वतःच्या हाताने बनवला होता आणि आमच्या घरात रेडिओ नव्हता. दुकानामागेच आमचं घर; पडद्याआड बांगड्या वाजल्या. माझ्या बायकोने ऐकलं होतं.

मी विचार केला, तारा म्हणजे काय कंदील आहे, वात खाली करायला? टाळी दिली. आत जाऊन रेडिओसाठी कपाटावरची जागासुद्धा रिकामी केली.

गुरुवारी संध्याकाळी सातला आम्ही तिघे माझ्या गच्चीवर. त्याने तारा दाखवला. चांगला ठसठशीत. शेजारचा बारका त्याच्यापुढे अगदीच किरकोळ. "कशाला उगीच रेडिओ घालवता साहेब?" असं मी म्हणालोसुद्धा. आठला तारा जरा मळका वाटला. मी चष्मा पुसला. नऊला बायको म्हणाली, "अहो, उतरतोय." साडेनऊला दोन्ही तारे एका मापाचे. दुर्बीण तिपाईवर गप्प उभी होती. तिच्यातून बघायची गरजही पडली नाही, आणि ती गेली.

मी भडकलो. "ही जादूटोण्याची कामं माझ्या गच्चीवर नकोत!"

"जादू कसली, शेठ? तो एक तारा नाहीच. दोन आहेत, एकमेकांभोवती फिरतात. थांबा, दाखवतो." त्याने आमची पेट्रोमॅक्स पेटवून स्टुलावर ठेवली. "हा लखलखीत तारा. आता तुम्ही याच्याभोवती फिरा. दुसरा तारा तुम्ही."

"मी का?"

"दुसरा आकाराने मोठा आहे. पण उजेडाला कमी."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी फिरलो. मी बत्ती आणि बायको यांच्या मध्ये आलो की तिच्या तोंडावर अंधार, पुढे सरकलो की उजेड. तो सांगत होता, "मोठा समोर आला की लखलखीत झाकतो, पण सगळा नाही. म्हणून तारा मंद होतो, विझत नाही. असे जोडीचे तारे आकाशात ढिगाने आहेत, पण इतके लांब की आपल्याला एकच ठिपका दिसतो. आणि काही शास्त्रज्ञ आता म्हणतात, या मोठ्याने आपलं बरंचसं द्रव्य त्या लखलखीताला देऊन टाकलं आहे."

"म्हणजे मीच की," मी म्हणालो. "देऊन टाकणारा."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं," असंही मी त्याला सुनावलं. "माहीत असून पैज लावलीत."

"आणि तुम्ही घड्याळ विकताना त्याची स्प्रिंग थकलेली आहे हे सांगता?"

मी दुर्बीण स्वतः उचलून त्याच्या घरी पोहोचवली. शब्द म्हणजे शब्द.

पण हरलेला माल दुसऱ्याला खपवता येतो, हे मला धंद्याने शिकवलं होतं. निघताना मी सहज विचारलं, "पुन्हा कधी मंद होतो?" तो म्हणाला, "दर तीन दिवसांनी. स्वल्प कमी." मी समोरच्या कॉफीपूडवाल्याला गाठलं. "रविवारी साडेनऊला तारा मंद होतो. झाला तर सगळ्या गल्लीला तुमच्याकडून इडली-कॉफी, नाही झाला तर माझ्याकडून." तो "सरी अण्णा", म्हणजे बरं अण्णा, म्हणाला आणि बारा माणसं घेऊन गच्चीवर आला. तारा लखलखीत! असा लखलखीत की बारा जण माझ्याकडे बघायच्या आधी एकमेकांकडे बघून हसले.

सोमवारी सकाळी हॉटेलात बारा माणसं माझ्या खर्चाने इडल्या खात असताना बायको घरी पाटीवर हिशेब करत होती. मी आल्यावर म्हणाली, "त्या दिवशी ते तुम्हाला काय म्हणाले, स्वल्प कमी ना? मी त्यांच्या बायकोला विचारून आले. दोन दिवस आणि जवळजवळ एकवीस तास. म्हणजे काल सव्वासहालाच होऊन गेलं, उजेड पुरता मावळायच्या आत. तुम्ही गच्चीवर चढलात तेव्हा ग्रहण सुटत आलं होतं."

तीन तास म्हणजे स्वल्प? तराजूत स्वल्प म्हणजे चिमूटभर. मी त्याला भर रस्त्यात हे विचारलं. तो इतका हसला की त्याचा चष्मा पडला.

पुढे त्याची बदली झाली आणि दुर्बीणही त्याच्यासोबत गेली. बायको मात्र त्या ताऱ्याला धरून बसली. दर थंडीत पाटीवर वेळा काढायची, आणि सोयीच्या वेळी ग्रहण आलं की आम्ही दोघं भुईमुगाच्या शेंगा घेऊन गच्चीवर. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, एक दिसतो पण दोन आहेत. छातीठोक सांगायचो. दोन.

मग साठ सालानंतर एकदा मी जुन्या इंग्रजी मासिकांची थप्पी किलोवर घेतली. बायको ती चाळत होती. संध्याकाळी तिने पानावर बोट ठेवून मला हाक मारली. "अहो, आपला तारा. इथे तीन लिहिलेत."

"काय तीन?"

"तारे. दोन जवळचे, आणि तिसरा त्या दोघांभोवती लांबून फिरतो. दोन वर्षांच्या आत एक फेरी."

मी रात्री जेवलो नाही. सकाळी पत्र लिहिलं: साहेब, तुम्ही दोन नग सांगितलेत, माल तीन नगांचा निघाला. सौदा रद्द. दुर्बीण परत करा.

उत्तर आलं. "शेठ, ग्रहण लागायला दोनच पुरतात. तिसरा आड येत नाही, म्हणून सांगितला नाही. आणि तुम्ही एवढ्यावरच रागावलात? मिथुन राशीत एक तारा आहे, डोळ्यांना एकच. तुमच्या दुर्बिणीतून मला त्याचे दोन दिसतात. जवळ आणखी एक अंधुक आहे, तोही त्यांच्यातलाच. आणि या तिघांतला प्रत्येक पुन्हा जोडीचा. एकूण सहा. या एकदा, दाखवतो."

सहा! आणि हे माझ्या दुर्बिणीतून!

तर साहेब, हे तुमच्या वाचनात आलं तर उत्तर द्या. ग्रहणाला दोन पुरतात म्हणता. लग्नालाही दोन पुरतात, म्हणून घरात सासू आहे हे मुलीकडच्यांपासून लपवायचं असतं का? मी टाळी दिली तेव्हा तिसरा तिथे फिरत होता की नव्हता? होता, तर मला का सांगितलं नाही? मला पत्रातलं उत्तर नको. चामराजपेटेत या, माझ्या गच्चीवर, डिसेंबरात. वेळ माझी बायको काढून ठेवेल. दुर्बीण घेऊन या, आधी ते सहा मला मोजून दाखवा, आणि मग तिसऱ्याचा जाब द्या.